बदलत्या घरगुती इंटरनेट पत्त्यावर डोमेन नाव चालविणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात ज्यांचे यंत्रमाग अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आणि घर जुळे सोलापुरात आहे, ज्यांची मुले पुण्यात नोकरीला आणि आईवडील इथे दोघेच आहेत, किंवा ज्यांनी दवाखान्याच्या नोंदी स्वतःच्याच संगणकावर ठेवल्या आहेत, अशा पुष्कळांची अडचण एकच असते. आपल्या यंत्रापर्यंत बाहेरून पोहोचायचे असते, आणि आज चाललेला पत्ता उद्या चालत नाही. अशा जोडण्या मी गेली काही वर्षे करून देत आलो आहे. लोक विचारतात तेच प्रश्न खाली घेतले आहेत. क्रम मात्र श्रम आणि पैसे वाचतील असा लावला आहे.

घरच्या इंटरनेटचा पत्ता बदलतो म्हणजे नेमके काय होते?

इंटरनेट पुरविणारी कंपनी तुमच्या राउटरला एक आयपी पत्ता देते, उदाहरणार्थ २०३.०.११३.४५. हा पत्ता तुमच्या मालकीचा नसतो. कंपनीजवळच्या साठ्यातून तो तात्पुरता वापरायला मिळतो. पुष्कळ ब्रॉडबँड जोडण्यांत राउटर सुरू झाला की वापरनाव आणि पासवर्ड देऊन नवे सत्र उघडतो, आणि त्या क्षणी जो पत्ता मोकळा असेल तो त्या सत्राला मिळतो. म्हणून वीज गेली, खोदकामात केबल तुटली किंवा कंपनीने आपल्या बाजूला दुरुस्ती केली, की पत्ता बदलू शकतो.

‘लाईट गेली की कॅमेरे दिसत नाहीत’ ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली आहे आणि ती अक्षरशः खरी असते. वीज दहा मिनिटांत परत येते, राउटरचा लाल दिवा हिरवा होतो, घरातले वायफाय चालू लागते, त्यामुळे घरच्यांना काहीच बिघडलेले दिसत नाही. मोबाइलमध्ये साठवलेला जुना पत्ता मात्र आता दुसऱ्याच कोणाच्या तरी घराकडे जात असतो. राउटर आणि फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, या दोघांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला तर पत्ता बदलण्याचे प्रसंग बरेच कमी होतात. तो पूर्ण उपाय नाही, तरीही प्रत्येकाने पहिल्यांदा तोच घ्यावा असे माझे मत आहे.

कंपनी प्रत्येकाला कायमचा पत्ता का देत नाही?

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे गेली आहे. जगभरच्या वाटपासाठी राखलेल्या मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्यानंतर मोठ्या झालेल्या कंपन्यांना ग्राहक जास्त आणि पत्ते कमी अशाच स्थितीत काम करावे लागते. कायमचा पत्ता वेगळे पैसे घेऊन दिला जातो त्याचे कारण हेच आहे.

मग बदलत्या पत्त्याला न बदलणारे नाव कसे जोडतात?

या सोयीला डायनॅमिक डीएनएस किंवा डीडीएनएस म्हणतात. डीएनएस ही १९८३ साली मांडली गेलेली, नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था आहे. त्यात तुमच्या डोमेन नावासमोर (उदाहरणार्थ ‘तुमचेनाव.इन’) एक नोंद असते, तिला ए रेकॉर्ड म्हणतात. पत्ता स्थिर असेल तर ही नोंद एकदा हाताने भरली की काम संपते. पत्ता बदलता असेल तर घरातल्याच एखाद्या यंत्रावर छोटा प्रोग्राम चालू ठेवावा लागतो. तो ठरावीक वेळाने आपला बाहेरचा पत्ता कोणता हे पाहतो आणि बदल दिसला की डीएनएस सेवेला नवा पत्ता कळवतो. कुटुंब भाड्याचे घर बदलते तेव्हा पोस्टात नवा पत्ता देऊन येते, आणि पत्र पाठविणाऱ्याला पूर्वीचेच नाव लिहिले तरी चालते, तसाच हा प्रकार आहे.

डोमेन विकत घेण्याआधी काय तपासावे?

तुमच्या राउटरला मिळालेला पत्ता खरोखर बाहेरून पोहोचता येण्याजोगा आहे का, हे तपासावे. या एका तपासणीअभावी वाया गेलेले श्रम मी पाहिले आहेत आणि स्वतःही घालवले आहेत. जुळे सोलापुरातील एका घरी मी संध्याकाळभर राउटरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या क्रमांकित वाटा, उघडत होतो, डोमेनची नोंद तपासत होतो, डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, पुन्हा पुन्हा सुरू करत होतो. नाव बरोबर पत्ता दाखवत होते, तरीही बाहेरून काहीच उघडत नव्हते. रात्री नऊच्या सुमारास राउटरचे स्थितीपान नीट वाचले, तर तिथे पत्ता १००.७२ ने सुरू होत होता. त्या पत्त्यावर बाहेरून काहीही येणे शक्यच नव्हते.

तपासणी सोपी आहे. राउटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट या शीर्षकाखाली जो पत्ता दिसतो तो कागदावर लिहून घ्यावा. मग त्याच वायफायवरून, ‘माझा आयपी पत्ता कोणता’ हे दाखविणारे एखादे संकेतस्थळ उघडावे. दोन्ही पत्ते अंकाअंकाने जुळले तर पुढे जावे. जुळले नाहीत तर राउटरवरचा पत्ता पुन्हा पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. यालाच सीजीनॅट म्हणतात, आणि हा टप्पा २०१२ साली त्याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. पत्ता १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यातून सुरू होत असला तरी बहुधा तोच अर्थ असतो.

१९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घाईने निराश होऊ नये. कंपनीच्या ओएनटीमध्येच एक राउटर असतो आणि आपण त्यामागे बाजारातून आणलेला दुसरा राउटर लावतो, तेव्हा असे दिसते. त्या वेळी ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे त्यातला राउटर बंद करून, ठेवायला सांगावे आणि मग पुन्हा तपासावे.

पत्ता असा वाटून दिलेला निघाला तर डायनॅमिक डीएनएसचा काही उपयोग होतो का?

आयपीव्ही४ पुरता होत नाही. नाव कंपनीच्या दारापर्यंत नेईल, पण त्या दारामागच्या शेकडो घरांपैकी तुमचे कोणते हे तिथल्या यंत्राला कळणार नाही, आणि त्या यंत्रावर पोर्ट उघडण्याचा अधिकार तुम्हाला नाही. अशा वेळी तीन मार्ग उरतात.

कंपनीला फोन करून ‘पब्लिक आयपी’ मागावा. तो स्टॅटिक, म्हणजे कायमचा, असलाच पाहिजे असे नाही, बदलता पण सार्वजनिक पत्ताही आपल्या कामाला पुरतो, हे मात्र स्पष्ट सांगावे. फोनवरच्या व्यक्तीला हा फरक माहीत नसला तर ती थेट स्टॅटिक आयपीचा दर सांगते. तेव्हा तांत्रिक विभागाशी बोलणे करून द्यावे अशी विनंती करावी. गल्लीतल्या छोट्या नेटवाल्याकडून जोडणी असेल तर समोर बसून बोलल्याने काम लवकर होते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा मार्ग आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांचा आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

तिसरा मार्ग असा की घरातल्या यंत्रानेच बाहेर जोडणी करावी आणि आपण त्या जोडणीतून आत यावे. क्लाउडफ्लेअरची टनेल सेवा किंवा टेलस्केल ही या पद्धतीची परिचित साधने आहेत. बाहेर जाणारी जोडणी सीजीनॅट अडवत नाही, म्हणून ती तिथेही चालतात, आणि पत्ता कितीही वेळा बदलला तरी फरक पडत नाही. केवळ कुटुंबातल्या चार-पाच जणांनाच आत यायचे असेल, तर सार्वजनिक पत्ता उपलब्ध असतानाही मी हल्ली हाच मार्ग सुचवतो.

फुकटचे नाव घ्यावे की स्वतःचे डोमेन?

स्वतःचे डोमेन घ्यावे आणि फुकटच्या सेवेचा उपयोग मागच्या बाजूने करावा. डकडीएनएस, नो-आयपी यांसारख्या सेवा आपल्या डोमेनखाली एक नाव मोफत देतात. त्या उपयोगी आहेत, पण त्या नावावर आपला हक्क नसतो. नो-आयपीच्या मोफत नावाची दर ३० दिवसांनी खात्री करावी लागते. डिन या जुन्या आणि प्रसिद्ध सेवेने २०१४ साली मोफत नावे बंद केली, तेव्हा ती कॅमेऱ्यांत, राउटरांत आणि लोकांच्या मोबाइलांत भरून ठेवलेल्यांना सगळीकडे फिरून ती बदलावी लागली.

उपाय असा आहे. ‘माग.तुमचेनाव.इन’ असे एक उपनाव करावे आणि त्याला सीनेम प्रकारची नोंद देऊन ती फुकटच्या नावाकडे वळवावी. पत्ता बदलल्याची खबर फुकटच्या नावाला मिळत राहते, लोक मात्र तुमचेच नाव वापरतात. उद्या ती सेवा बंद पडली तर एक नोंद बदलली की झाले. एक पथ्य पाळावे: सीनेम मुख्य नावाला, म्हणजे नुसत्या ‘तुमचेनाव.इन’ला लावता येत नाही, कारण त्या नावाशी डीएनएसच्या इतर आवश्यक नोंदी असतात आणि सीनेम दुसऱ्या नोंदींबरोबर राहू शकत नाही. ती नेहमी उपनावालाच लावावी. तुमची डीएनएस सेवा प्रोग्रामद्वारे थेट नोंद बदलू देत असेल, तर मधले फुकटचे नावही लागत नाही.

देवनागरीतले नाव चालेल का?

चालेल. ‘.भारत’ ही देवनागरी डोमेने २०१४ पासून मिळतात. मात्र डीएनएसच्या आत हे नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात साठवले जाते, आणि राउटर किंवा डीव्हीआरच्या रकान्यात बहुधा तेच रूप भरावे लागते. ते रूप लांब आणि अर्थहीन दिसते, म्हणून नक्कल करूनच चिकटवावे.

टीटीएल किती ठेवावा?

३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे, हा आकडा घरगुती कामासाठी योग्य आहे. टीटीएल म्हणजे एकदा विचारलेला पत्ता इतरांनी किती वेळ जपून ठेवावा याची मुदत. काही डोमेन विक्रेते आरंभी ८६,४०० सेकंद भरून ठेवतात, म्हणजे पूर्ण एक दिवस. तसेच राहू दिले तर दुपारी दोनला वीज जाऊन पत्ता बदलला, प्रोग्रामने दोन वाजून पाच मिनिटांनी नवा पत्ता कळवलाही, तरी पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलला दुसऱ्या दिवसापर्यंत जुनाच पत्ता मिळू शकतो. प्रोग्राम पाच मिनिटांनी तपासत असेल आणि टीटीएलही पाच मिनिटांचा असेल, तर इंटरनेट परतल्यानंतर साधारण दहा मिनिटांत नाव पुन्हा चालू लागते.

पत्ता कळविणारा प्रोग्राम कोठे चालवावा?

जे यंत्र कायम चालू असते आणि ज्याचा पासवर्ड तुमच्याकडे असतो, तिथे चालवावा. राउटरमध्ये ही सोय असेल तर ते स्थान सर्वांत चांगले, कारण पत्ता बदलल्याचे त्यालाच सर्वांत आधी समजते. डीव्हीआरमधली सोय मी टाळतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात डीव्हीआरच्या पानावर डीडीएनएस ‘चालू’ असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले होते आणि त्याच्याच खाली शेवटच्या बदलाची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती. पासवर्ड बदलल्यापासून प्रत्येक प्रयत्न फसत होता आणि डीव्हीआर ते कोणालाही सांगत नव्हता. कारखान्यात जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर त्यावर डीडीक्लायंट हा मोफत प्रोग्राम ठेवावा. त्याच्या नोंदवहीत काय घडले ते वाचता येते.

त्या नोंदवहीत काही ठरावीक उत्तरे दिसतात. ‘गुड’ म्हणजे नवा पत्ता नोंदला गेला. ‘नोसीएचजी’ म्हणजे पत्ता तोच होता. ‘बॅडऑथ’ म्हणजे वापरनाव किंवा पासवर्ड चुकला. ‘अब्यूज’ म्हणजे बदल नसताना वारंवार कळवत राहिल्यामुळे सेवेने नाव अडवले आहे. म्हणून दर मिनिटाला कळवत राहू नये. दर पाच मिनिटांनी पाहावे आणि बदल असेल तरच कळवावे. खात्याचा मुख्य पासवर्डही या प्रोग्रामला देऊ नये. बहुतेक सेवा फक्त नोंद बदलण्यापुरती वेगळी किल्ली देतात, ती वापरावी.

नाव बाहेरून चालते, पण घरात बसून चालत नाही. असे का?

घरातल्या मोबाइलने नाव विचारले की त्याला घराचाच बाहेरचा पत्ता मिळतो. मग त्याची विनंती राउटरपर्यंत जाऊन मागे वळून पुन्हा घरातच यावी लागते. हे वळण, म्हणजे नॅट लूपबॅक, कित्येक स्वस्त राउटरांना जमत नाही. बिघाड तुमच्या मांडणीत नसतो. वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तपासावे. तिथे चालले तर घरातल्या डीएनएसमध्ये त्याच नावाला आतला पत्ता द्यावा किंवा राउटर बदलावा.

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर या नावावर थेट उघडावा का?

उघडू नये. हे उत्तर मी आग्रहाने देतो, कारण बसवून देणारे बहुतेक जण नेमके हेच करून जातात. राउटरमध्ये पोर्ट उघडायचे, डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवायचा आणि मालकाच्या मोबाइलवर चित्र दिसले की पैसे घेऊन निघायचे. उघडे पोर्ट शोधणारी यंत्रे इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. तुमचे डोमेन नाव कोणाला ठाऊक नसले तरी तुमचा पत्ता त्यांना सापडतोच.

याचा परिणाम काय होतो ते २०१६ साली जगाने पाहिले. मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातले पासवर्ड वापरून कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याकरवी डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला. ट्विटर, नेटफ्लिक्स, गिटहब यांसारखी संकेतस्थळे अनेकांना कित्येक तास उघडेनात. डिन ही डायनॅमिक डीएनएस लोकांपर्यंत पोहोचविणारी कंपनी होती. घराघरांतले कॅमेरे सहज दिसावेत म्हणून उघडलेल्या दारांतूनच तिच्यावर मारा झाला, याचे मला आजही वाईट वाटते.

केवळ कॅमेरेच पाहायचे असतील तर उत्पादकाचे मोबाइल ॲप बहुधा पुरते. त्याला ना डोमेन लागते, ना उघडे पोर्ट. मात्र जोडणी त्या कंपनीच्या यंत्रणेमार्फत होते हे समजून निर्णय घ्यावा. ते नको असेल तर व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची किल्लीबंद खासगी वाट, ठेवावे आणि डोमेन नाव त्या व्हीपीएनसाठी वापरावे. मग बाहेरच्या जगाला एकच दार दिसते, तेही किल्लीशिवाय न उघडणारे, आणि डीव्हीआर, बिलांचा संगणक, दवाखान्याच्या नोंदी हे सगळे त्याच्या आत सुरक्षित राहते.

वायरगार्ड व्हीपीएन पत्ता बदलेपर्यंत चालते आणि मग अडते. नाव तर बरोबर पत्ता दाखवते.

वायरगार्ड डोमेन नावाचा पत्ता सुरू होताना एकदाच विचारते आणि पुढे तोच धरून ठेवते. घरचा पत्ता बदलला तरी प्रवासातला लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. जोडणी बंद करून पुन्हा सुरू केली की नवा पत्ता घेतला जातो. हे काम आपोआप व्हावे यासाठी वायरगार्डच्या साधनांबरोबरच नाव पुन्हा विचारणारी एक छोटी स्क्रिप्ट मिळते. लिनक्सवर ती दर अर्ध्या-एक मिनिटाने चालेल अशी लावून ठेवावी.

पत्ता बदलल्यानंतर माझे नाव काही काळ दुसऱ्याच्या घराकडे जाते. यात धोका आहे का?

आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. त्या मधल्या काळात तुमचा मोबाइल किंवा पुण्यातला संगणक अनोळखी यंत्राला तुमचे वापरनाव आणि पासवर्ड देऊ पाहतो. जोडणी साध्या एचटीटीपीवर असेल तर ते समोरच्याला वाचता येतात. एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक केलेली जोडणी, आणि वैध प्रमाणपत्र असेल तर अनोळखी यंत्राकडे तुमच्या नावाचे प्रमाणपत्र नसते आणि ब्राउझर तिथेच इशारा देऊन थांबवतो. तो इशारा ‘पुढे चला’ म्हणून कधीही ओलांडू नये. व्हीपीएनमध्ये हे संरक्षण किल्लीमुळे आपोआप मिळते.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून मोफत मिळते. घरी ८० क्रमांकाचे पोर्ट बंद असेल तर डीएनएसमध्ये तात्पुरती टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद ठेवून नावावरचा हक्क सिद्ध करण्याची पद्धत वापरावी. तिला कोणतेही पोर्ट उघडावे लागत नाही.

याच नावावर घरी ईमेल सर्व्हर ठेवता येईल का?

ठेवू नये. घरगुती जोडण्यांवर २५ क्रमांकाचे पोर्ट पुष्कळदा बंद असते, आणि बदलत्या पत्त्यांवरून आलेली पत्रे मोठ्या सेवा सहसा स्वीकारत नाहीत.

आयपीव्ही६ असेल तर हे सगळे करावे लागते का?

नावाची नोंद करावी लागतेच, फक्त ती एएएए प्रकारची असते. भारतात आयपीव्ही६ चा प्रसार जगाच्या तुलनेत चांगला आहे आणि मोबाइलच्या डेटावर तो सहज मिळतो, म्हणून सीजीनॅटमागे अडकलेल्यांनी हा मार्ग अवश्य पाहावा. यात घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. नेहमीची चूक अशी होते की राउटर स्वतःचाच पत्ता नोंदवतो, आणि पोहोचायचे असते मागच्या संगणकापर्यंत. म्हणून इथे प्रोग्राम त्या संगणकावरच चालवावा आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरून येणारे अडविणाऱ्या सोयीत, नेमके त्याच यंत्राचे नेमके तेच पोर्ट मोकळे करावे. घराला मिळालेल्या पत्त्याचा पुढचा भाग इथेही बदलू शकतो, त्यामुळे नोंद हाताने करून विसरून जाता येत नाही. पाहणाऱ्याच्या बाजूलाही आयपीव्ही६ लागतो. एखाद्या कचेरीच्या जुन्या जोडणीवरून हेच नाव उघडणार नाही.

स्टॅटिक आयपी घेणे कधी योग्य ठरते?

समोरच्या पक्षाला तुमचा पत्ता आपल्या यादीत लिहून ठेवायचा असेल तेव्हा. एखादी बँक किंवा मोठा खरेदीदार ठरावीक पत्त्यावरूनच आपल्या यंत्रणेत प्रवेश देत असेल, तर डोमेन नाव तिथे उपयोगी पडत नाही. कारखान्यात दोन-तीन ठिकाणची कामे एकमेकांशी दिवसभर जोडलेली असतील आणि दहा मिनिटांचा खंडही परवडत नसेल, तेव्हाही पैसे मोजावेत. घरच्या कामासाठी मी तो कोणाला घ्यायला सांगितलेला नाही. स्टॅटिक आयपी घेतला तरी डोमेन नाव सोडू नये, कारण कंपनी बदलली की तो पत्ता जुन्या कंपनीकडेच राहतो.

सगळे केले, तरी उघडत नाही. कोठून सुरुवात करावी?

राउटरच्या पानावरचा आजचा पत्ता लिहून घ्यावा. मग संगणकावर एनएसलुकअप या आज्ञेने नाव कोणता पत्ता सांगते ते पाहावे. दोन्ही वेगळे असतील तर दोष पत्ता कळविणाऱ्या प्रोग्रामचा किंवा टीटीएलचा आहे, आणि प्रोग्रामची नोंदवही वाचली की उलगडा होतो. दोन्ही सारखे असतील तर नाव आपले काम करते आहे आणि दोष पुढे आहे: पोर्टची वाट घरातल्या जुन्या पत्त्याकडे जात असेल, कारण वीज गेल्यावर डीव्हीआर किंवा संगणकालाही राउटरने घरातला नवा पत्ता दिलेला असतो. त्या यंत्राचा घरातला पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवावा. सोलापुरात वीज गेल्यानंतरच्या तक्रारींत मी आधी बाहेरचा पत्ता पाहतो आणि लगेच हा आतला पाहतो. दोन्ही एकाच वेळी बदललेले असणे मुळीच दुर्मीळ नाही.